मार्थामावशीचा कोट

मे महिन्यात आमच्या गावात कोट घालणारी माणसं दोनच. एक लग्नातला नवरदेव आणि दुसरी मार्थामावशी. नवरदेव बिचारा जेवणं उरकली की कोट काढून खुर्चीला टांगायचा. मावशी काढायची नाही.

साध्या लुगड्यावर काळा, जाड, पुरुषी कोट. पार गुडघ्याच्या खाली. बाह्या इतक्या लांब की दोनदा दुमडलेल्या. आता आमच्याकडं खुरपायला, ऊस बांधायला जाणाऱ्या बायका लुगड्यावरून नवऱ्याचा जुना सदरा चढवतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला, पत्र्याच्या चर्चमध्ये, जिथं उकाड्यानं फादरसुद्धा प्रवचन आवरतं घेतात, तिथं लोकरीचा कोट? परगावचा माणूस पहिल्यांदा बघायचा तेव्हा हळूच विचारायचा, "बाईला थंडीताप आहे का हो?" गावातल्या पोरांनी तिचं नाव 'कोटमावशी' पाडलं होतं. आम्ही मोठी माणसं समजून चाललो होतो की अंग झाकायच्या तिच्या वेडाचं हे शेवटचं टोक आहे.

कारण अंग झाकणं हे मार्थामावशीचं धर्मकार्य होतं. स्वतःचं आणि दुसऱ्याचंही.

तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. ती गोधड्या शिवून पोट भरायची, आणि रविवारी घंटा व्हायच्या आधीच चर्चच्या दाराशी एक टोपली घेऊन बसायची. टोपलीत ओढण्या, पंचे, जुन्या साड्यांचे शिवलेले तुकडे. कोटाच्या कॉलरला सेफ्टी पिनांची रांग. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाला आत जाता येत नसे. गळ्याच्या खळीखाली दोन बोटं, त्याच्या खाली गळा उतरला की संपलं. बाही कोपराखाली. झगा गुडघ्याखाली. तिच्या लहानपणी कुणा गोऱ्या फादरनं देवळात हे नियम वाचून दाखवले होते म्हणे. त्यानंतर जग कुठल्या कुठं गेलं, गावात डिश अँटेना आली, पोरी पंजाबी ड्रेस घालून कॉलेजला जायला लागल्या, पण मावशीची दोन बोटं होती तिथंच राहिली. आणि बोटं तरी कसली, सुया ओढून ओढून जाड झालेली. तिच्या दोन बोटांत दुसऱ्याची तीन मावायची, हा आम्हाला तेवढाच दिलासा.

"आगं माझ्या येशू!" ही तिची आरोळी. ती ऐकू आली की समजायचं, कुणाचा तरी खांदा सापडला. लगेच ओढणी अंगावर, पिन गच्च.

बरं, बायकांवरच तिचा डोळा होता असंही नाही. शर्टाची वरची बटनं सोडून येणाऱ्या पोरांना म्हणायची, "बटन लाव रं. छाती काय बाजारात मांडलीस?" मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या जत्रेला आजूबाजूच्या गावांतून सगळ्या धर्मांची माणसं यायची, त्यांनाही सुटका नव्हती. एकदा एक मराठ्यांची सून म्हणाली, "आवो मावशी, मी तुमच्यातली न्हाई." मावशी पिन लावतच म्हणाली, "नसशील. खांदा तर खांदाच हाय ना?"

एकदा मीच तिला डिवचलं. मी तेव्हा गावातल्या शाळेत शिकवत होते, त्यामुळं आपल्याला वाद घालता येतो असा माझा समज होता. म्हटलं, "मावशी, देव सगळीकडं असतो ना? मग घरात नाही का बघत तो?"

"घरात त्यो एकला बघतो," मावशी म्हणाली. "हितं समदं गाव बघतंय."

फादर सायमननाही तिनं असंच गप्प केलं होतं. ते चांगले शिकलेले, मवाळ गृहस्थ. त्यांनी समजावलं, "मावशी, देव कपडे नाही बघत. तो अंतःकरण बघतो." त्यावर मावशी म्हणाली, "बघू द्या की. अंतःकरन झाका म्हनून म्या कुनाला सांगितलंय?" फादर त्या दिवशी मागच्या दारानं गेले.

तिच्या टोपलीचा मात्र एक विचित्र नियम होता. एकदा अंगावर घातलेलं कापड ती परत मागायची नाही. मिस्सा संपल्यावर निम्म्या बाया ओढणी टोपलीत टाकायच्या, निम्म्या तशाच घरी जायच्या. काही बनेल बाया तर मुद्दाम उघड्या खांद्यानं यायच्या आणि ओढणी घेऊन जायच्या. आई चिडायची, "मार्थाबाई, मागून घ्या की! गोधडीतलं कापड वाचवून वाचवून शिवता तुम्ही." मावशी मान हलवायची. "अंगावरचं कापड मागू न्हाई, बाई. लई वंगाळ असतंय ते." आणि दिवा लावून पुन्हा शिवत बसायची. आम्ही म्हणायचो, वेड आहे झालं.

वेड म्हणजे किती? आमच्यातल्या एकानं मुंबईला नोकरी लागल्यावर चर्चला संत सेबॅस्टियनचा पुतळा दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या संताला झाडाला बांधून बाण मारले होते, त्यामुळं पुतळ्यात अंगभर बाण आणि कमरेला एवढंसं फडकं. पुतळ्यावरचा कागद निघाला आणि आरोळी आली, "आगं माझ्या येशू! ह्या बाबाला कुनी कापड दिलं न्हाई व्हय?" पुढच्या रविवारी आम्ही आत जाऊन बघतो तर संतांच्या अंगात निळ्या पट्ट्यांची बंडी! आणि काम एवढं सुबक की जिथं जिथं बाण, तिथं तिथं बंडीला नीट काज केलेलं. मी हसू दाबता दाबता अर्धी मिस्सा चुकवली. फादर रागावले. "मावशी, हे हुतात्मा आहेत. त्यांची मूर्ती सगळ्या जगात अशीच असते."

"आसंल," मावशी म्हणाली. "मारनाऱ्यांनी त्याचं कापड काढलं, ते त्यांचं पाप. आपन त्याला तसाच हुबा ठिवायचा, हे कुनाचं?"

फादरांनी बंडी काढली. ती पुन्हा चढली. पुन्हा काढली, पुन्हा चढली. शेवटी फादर दमले. मग फक्त बिशपसाहेब यायच्या दिवशी तेवढी बंडी उतरायची.

आणि एका सुट्टीत पुण्याहून एक शिकाऊ ब्रदर, म्हणजे होणारे फादर, आले होते, ते पोरांबरोबर हाफ पँटवर व्हॉलीबॉल खेळत होते. मावशी कोपऱ्यावरून आली, थबकली, डोळ्यांवर हात घेतला आणि मला म्हणाली, "बाई गं! ब्रदरला गुडघं हायती." जणू आजवर तिला शंका होती. मग हातातली गोधडी घेऊन मैदानात शिरली. ब्रदर गोधडी गुंडाळून खोलीत पळाले आणि सुट्टी संपेपर्यंत पायजम्यात खेळले.

हे सगळं दुसऱ्याच्या बाबतीत होतं तोवर आम्ही पोट धरधरून हसलो. मग माझ्या धाकट्या बहिणीचं, शैलाचं लग्न ठरलं.

शैलाचं जमता जमत नव्हतं. वडील नव्हते, मुलगी बघायला येणारे चहापोहे खाऊन जायचे आणि निरोप पाठवायचे नाहीत. अखेर पुण्याचं स्थळ जमलं. मुलगा कंपनीत, माणसं चांगली, पण शहरी. त्यांच्याकडून नवरीसाठी पांढरा गाऊन आला. खोक्यातून तो बाहेर काढला आणि आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. बाह्या नाहीत. पुढचा गळा दोन बोटं कुठला, वीतभर. आणि पाठ? पाठीला कापडच नव्हतं. दोन पट्ट्या आणि मग थेट कंबर.

"राहिलंय का शिवायचं?" आईनं विचारलं.

"फॅशन आहे ती, आई," शैला म्हणाली, पण तिचाही आवाज बसला होता.

घाल म्हणावं तर दारात मार्थामावशी. घालू नको म्हणावं तर विहीणबाईंनी हौसेनं घेतलेला गाऊन, त्यांचा अपमान. एका गाऊनपायी जमलेलं लग्न मोडायची वेळ. आईनं रात्रीची झोप सोडली.

आणि भिंतीला कान असतात, आमच्या भिंतीला तर मार्थामावशीचे होते. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. कोटात घामानं भिजलेली. आत आली नाही, बसली नाही. आईला एवढंच म्हणाली, "शैलीची पाठ उघडी पडू दिऊ नको. देवळाच्या दारात तर मुळीच न्हाई." आणि गेली.

आई मटकन खाली बसली. "ऐकलंस? धमकी देऊन गेली. भर मांडवात आरडाओरडा करणार ही बाई. पाहुण्यांसमोर माझ्या पोरीला दारात अडवणार."

मग आईनं स्वतःच्या डोक्यानं तोड काढली. गाऊन देवळाली प्रवऱ्याला बबन टेलरकडं नेला. बबन टेलर म्हणजे आमच्या पंचक्रोशीतल्या शाळांच्या गणवेशांचा कारागीर. खाकी चड्डी आणि निळा स्कर्ट यांच्यापुढं तो कधी गेला नव्हता. "सोडा ताई, फस्क्लास करून देतो," म्हणाला. त्यानं मागं लोळणारा घोळ कापून त्याच्या बाह्या केल्या, त्या कोपराखाली. इथवर ठीक. आता पाठ. पाठीला कापड उरलं नाही, तर या बहाद्दरानं काय करावं? दोन्हीकडचे काठ ओढले आणि एकमेकांना शिवून टाकले. गाऊन घरी आला. बाह्या होत्या, पाठ बंद होती, फक्त आत शैला मावत नव्हती. लग्नाच्या सकाळी आम्ही दोघींनी ओढून, श्वास सोडायला लावून तिला त्यात कोंबली.

"बोलता येतंय का?" मी विचारलं.

"हळू," शैला म्हणाली.

"तेवढं पुरे. एक 'होय' म्हणायचंय," आई म्हणाली.

चर्चपुढं पुण्याची मंडळी जमली होती. बँड वाजत होता. विहीणबाईंच्या बिनबाह्यांच्या ब्लाउजवर आधीच मावशीची फुलाफुलांची ओढणी पिनांनी बसलेली होती. त्यांच्या बहिणींवर, भाच्यांवरही. त्या दिवशी टोपली पार रिकामी झाली होती. दारात मार्थामावशी कोट घालून उभी, आणि डोळे आमच्या जीपकडं.

जीप थांबली. शैला खाली उतरायला वाकली, आणि फर्रर्र झालं.

मानेपासून कमरेपर्यंत. बँडसुद्धा ऐकून थांबला असावा, कारण त्यानंतर क्षणभर मला कसलाच आवाज आठवत नाही. शैला उन्हात उभी, पाठ सगळी उघडी, आतले कपडे दिसतायत, हातातली फुलं खाली पडलेली, दोन्ही हात मागं नेऊन काय झाकावं ते तिला कळत नव्हतं. मग पोरांच्या घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. विहीणबाई ओरडल्या, "अहो, हे काय करून ठेवलंत गाऊनचं?" आईनं डोळेच मिटून घेतले.

आणि मार्थामावशी पायऱ्या उतरून निघाली. झालं, म्हटलं, आता 'आगं माझ्या येशू' आणि मग सगळ्या गावासमोर पोरीचा उद्धार. मी मध्ये पडायला धावले.

मावशी काहीच ओरडली नाही. चालता चालता तिनं कोटाची बटनं सोडली. कोट अंगातून काढला, शैलाच्या अंगावर टाकला, तिचे हात एकेक करून बाह्यांत घातले आणि पुढून सगळी बटनं लावली, वरपासून पार खालपर्यंत. मग लोकांकडं वळली.

"काय बघताय? कापड फाटलंय. पोरगी न्हाई फाटली."

विहीणबाईंच्या पुढं जाऊन म्हणाली, "बाई, तुमी लई चांगला झगा धाडलाता. आमचा शिंपी येडा. पोरीला नावं ठिवू नका." विहीणबाई अंगावरच्या ओढणीला हात लावून उभ्या राहिल्या. मग पुढं झाल्या, खाली पडलेली फुलं उचलून शैलाच्या हातात दिली. बँड सुरू झाला. काळा कोट घातलेली नवरी आत गेली.

मी सगळ्यांत मागं होते. दारात वळून बघते तर मावशी बाहेर पायरीवर बसलेली. मी तिला जन्मात कोटाशिवाय पाहिलं नव्हतं. कोटातली ती दांडगी बाई आत एवढीशी निघाली. ठिगळाचं पोलकं, आखूड बाह्या, काटकुळे हात. दोन्ही कोपरं तिनं तळहातांनी झाकून धरली होती.

"मावशी, आत चल. मिस्सा सुरू झाली."

"कशी येऊ? माझी कोपरं उघडी हायती."

टोपलीत बघितलं, एक चिंधीसुद्धा नव्हती. मी तिच्याशेजारी बसले. आतून पहिलं गीत ऐकू यायला लागलं. मला बोलल्याशिवाय राहवेना. "मावशी, आम्हाला वाटलं तू तिला अडवणार."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मीच कानकोंडी झाले.

"अडवू कशी गं?" ती म्हणाली. "दारातच माझं झालंतं तसं. आमी तिकडं कर्जतकडचे. कोरडा मुलूख, आंगावर एक आन् दोरीवर एक. माझ्या लग्नाला मामीनं तिचं पांढरं पातळ दिलंतं नेसाया. देवळाच्या दारात आलो आन् मामी रुसली. पुढं बसायचा मान कुना दुसरीला दिला म्हनून. म्हनली, मला मान न्हाई तर माझं पातळ कशाला पायजे? दे हिकडं. आन् वढलं की गं पदराला धरून. समद्यांसमोर."

माझा हात तोंडावर गेला.

"निम्मं पातळ तिच्या हातात, निम्मं माझ्या. निऱ्या धरून हुबी ऱ्हायले. लोकं हासत हुती. माझी आई रडत हुती. तवर ह्यांनी कोट काढला."

म्हणजे योहानकाका, तिचा नवरा. मी त्याला पाहिलेला नाही. मला कळायला लागायच्या आधीच तो तापानं गेला होता, मूलबाळ काही नव्हतं.

"मिशनच्या गाठोड्यातला हुता, कुन्या गोऱ्याचा जुना. नवरदेवाला मिळाल्याला. त्यांनी माझ्या आंगावर टाकला आन् बटनं लावली, पार खालपतूर. मला म्हनले, देव बघंल तर बघू दी. गावाला न्हाई बघू द्यायचं." तिनं कोपरं आणखी घट्ट धरली. "पातळ मामीनं न्हेलंच. कोट वर आन् खाली आईचं दंड घातल्यालं लुगडं, असं लगीन लागलं माझं. ते गेल्यावर कोट घातला त्यो घातला. न्हाई घातला तर दारात एकलीच हुबी हाय असं वाटतंय."

इतकी वर्षं भिंतीपलीकडं राहून आम्ही त्या कोटाला हसलो होतो. पोरीची पाठ उघडी पडू देऊ नको, हे ती घामाघूम होऊन सांगायला आली होती, आणि आम्ही तिला धमकी समजून बसलो होतो. मला रडू फुटलं. मी माझा पदर खांद्यावरून सोडला, अर्धा तिच्या खांद्यांवरून घेतला, तिची दोन्ही कोपरं झाकली आणि तिला उठवलं.

एका पदरात दोघी, अशा आम्ही आत शिरलो. माणसं वळून बघायला लागली. बघेनात का! मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो. पुढं वेदीपाशी शैला उभी होती, कोटाच्या बाह्यांत तिची बोटंसुद्धा दिसत नव्हती. फादरांनी विचारलं आणि तिनं खणखणीत 'होय' म्हटलं. कोटात श्वास घ्यायला भरपूर जागा होती.

"ढगळ हुतोय तिला," मावशी माझ्या कानाशी म्हणाली. "मलाबी हुत हुता."

मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. पदर तिच्याकडं ओढला गेल्यामुळं माझी ब्लाउजखालची पाठ उघडी पडली होती.

"आगं माझ्या येशू," ती पुटपुटली आणि सवयीनं कॉलरकडं हात नेला. कॉलर कुठली? पिना सगळ्या कोटाबरोबर वेदीपाशी गेल्या होत्या. तेव्हा मावशीनं आपला खरबरीत तळहात माझ्या उघड्या पाठीवर सपाट ठेवला, आणि मिस्सा संपेपर्यंत उचलला नाही.